सिद्ध्या, शेवटाचं भांडण मिटलेलं नाही

सिद्ध्या, तुला चांगलं म्हणायला मी बसलेलो नाही. ते काम बाकीच्यांनी परवाच्या शोकसभेत उरकलं. मनमिळाऊ, हरहुन्नरी, हसतमुख, हौशी रंगभूमीचं न भरून येणारं नुकसान, सगळं म्हणून झालं. एकाने तर तुला निगर्वी म्हटलं. साडीच्या निऱ्या मनासारख्या पडल्या नाहीत म्हणून प्रयोग वीस मिनिटं उशिरा सुरू करणारा माणूस निगर्वी! मी खाली मान घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, दिनकर रडतोय. मी दात खात होतो.

तू गेलास याचा राग नाही. हृदय काय, कुणालाही दगा देतं. राग आहे तो तू माझ्यापासून काय लपवलंस त्याचा, आणि त्याहून जास्त, तू अठरा वर्षं मला काय करू दिलंस त्याचा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. जिवंतपणी तू मला रागवायची संधी दिली असतीस तर आज ही वेळ आली नसती. तेव्हा आता निमूट ऐकून घे. मधे मधे बोलायची तुझी सवय होती, तेवढी एक सोय झाली.

ज्यांनी आपलं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'भाडेकरू सहकुटुंब'. दोन कारकून, दोघेही सडे. गावात खोली मिळत नाही, कारण जिथे जावं तिथे पाटी, खोली फक्त कुटुंबाला मिळेल. मग एक नवरा होतो आणि दुसरा साडी नेसून बायको. दोन अंक नुसती पळापळ. मालकीणबाई बायकोला हळदीकुंकवाला ओढून नेते, दिवस गेल्याची अफवा उठते, डोहाळजेवणाचं ताट मांडलं जातं. तिसऱ्या अंकात बिंग फुटतं. मालक सामान रस्त्यावर टाकायला निघतो, तेव्हा बायको डोक्यावरचा टोप काढून हातात घेते आणि बोलते. 'लग्न खोटं होतं मालक. पण ताप आला तेव्हा कपाळावर घड्या ह्यानं ठेवल्या. लग्न खोटं, घड्या खऱ्या. ह्यातलं तुम्हाला घरात काय नको आहे?' मालक पाघळतो, खोली राहते, टाळी पडते.

लिहिलंस तू, तेही साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर. बायकोचं काम तुझ्याकडे आलं यात कुणाला नवल वाटलं नाही. नवी पेठेतल्या दुकानात तू दिवसभर तेच करायचास. समोर गादीवर बसलेल्या बाईला पदर कसा दिसेल ते स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचं, निऱ्या स्वतःच्या कमरेशी धरायच्या, मान जराशी कलती करायची. पेठेतले सगळेच दुकानदार करतात. तुझ्या अंगावर बघून बाई म्हणायची, 'हीच द्या.' घरी जाऊन नेसल्यावर तिला ती पटायची नाही, तो भाग वेगळा. मी जिल्ह्याच्या कचेरीतला कारकून, म्हणून नवरा मी. घरमालक म्हणजे आपला बंडू, कारण पोट त्याचंच होतं.

आता भांडणाचं मूळ. तू लिहिलेला शेवट असा होता. मालक निघून जातो, दोघेच उरतात. आनंदाच्या भरात बायको नवऱ्याच्या गालाचा मुका घेते आणि लाजून विंगेकडे तोंड फिरवते. नवरा जरा वेळ गप्प उभा राहतो. मग म्हणतो, 'चहा टाक.' पडदा. बस, एवढंच.

पहिल्या प्रयोगाला, आमच्याच कचेरीच्या संमेलनात, तू मुका घेतलास आणि सभागृह गप्प झालं. मला ती शांतता सोसवेना. समोर साहेब, साहेबांची बायको, माझी बायको. मालकाच्या पाहुण्यांसाठी मांडलेला तांब्या तिथे होता. मी तो उचलला, पुढे आलो, भडाभडा गालावर ओतला, खसाखसा चोळला, वर एक चूळ भरली. छप्पर उडेल असा हशा. पडदा पडला तरी लोक हसतच होते. 'चहा टाक' त्या हशात वाहून गेलं, ते पुन्हा कधी कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून लोक आपल्या नाटकाला नावानं ओळखेनासेच झाले. तांब्याचं नाटक म्हणायचे.

हशा आला की थांबायचं, तो ओसरेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा आपला नियम. मी पुढे, तोंड लोकांकडे, गाल चोळतोय. तू मागे, तोंड विंगेकडे, पाठ लोकांना. वीस सेकंद, कधी तीस. अठरा वर्षांत त्या वेळी तुझा चेहरा कसा असायचा ते मी एकदाही पाहिलं नाही. बघायची गरज काय, हशा तर माझ्याकडे येत होता.

तू मला एकदा सांगितलं होतंस, तेवढं तुझ्या बाजूनं मांडतो. ग्रामदैवताच्या यात्रेत, देवाच्या लग्नाच्या, अक्षतेच्या दिवशी. आपण दोघे पांढऱ्या कपड्यांत, गर्दीत दाटीवाटीने उभे होतो, मुठीत अक्षता. तू म्हणालास, 'दिन्या, ते पाणी काढ बे नाटकातनं.'

'का?'

'माझं भाषण धुऊन निघतंय त्यात.'

'तुझ्या भाषणाला टाळी येते, माझ्या पाण्याला हशा येतो. लोक कशासाठी येतात ते तूच सांग. आणि तुझा तो चहा! त्याला हशा कुठून येणार?'

'न्हाय आला तर न्हाय आला.' मग तू समोर बोट केलंस. 'हितं बघ की. कुंभाराच्या पोरीचं देवाच्या योगदंडाशी लग्न लागायलंय. अख्खं गाव पांढरं नेसून अक्षता टाकायला आलंय. हे कसलं लग्न, असं कुणी विचारतंय का बघ.'

'देवाचं देवापाशी,' मी म्हणालो. 'नाटक माणसांचं असतं.'

मंगलाष्टक संपलं, आपण अक्षता टाकल्या आणि भजी खायला गेलो. मला वाटलं, वाद मी जिंकला.

आता सरांविषयी. त्यांचं नाव लिहीत नाही. गाव मंगळवेढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं, तेही सांगत नाही. हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'लिवा. पर मी अजून शाळेत शिकवतो, दिनकरराव. माझं नाव नको. त्याचं आसू द्या.'

तू त्यांची ओळख करून दिलीस, 'हा माझा मामेभाऊ. प्राथमिक शाळेत मास्तर हाय. थोडी शेतीबी बघतो.' जमेल त्या प्रयोगाला ते एसटीने यायचे. खाकी पिशवी, थर्मास, दोन डबे. साडीला इस्त्री करायचे, पिना मोजून ठेवायचे, टोप विंचरायचे आणि तिसऱ्या अंकाआधी तांब्या भरून जागेवर ठेवायचे. मग विंगेत उभे राहून उरलेलं नाटक बघायचे. बोलणं बेताचं. माझ्या दृष्टीने ते सामानापैकीच एक होते. आणि तुझी आठवड्याची सुट्टी 'मामाच्या शेताकडं' जायची. तिथून माळरानाची ज्वारी आणायचास, एक पोतं तुझ्या थोरल्या भावाकडे, अण्णांकडे, अर्धं माझ्याकडे. आमची सुमन म्हणायची, अशी भाकरी दुसऱ्या ज्वारीची होत नाही. सिद्ध्याच्या मामाला शंभर वर्षं आयुष्य लाभो, असंही म्हणायची.

मी काय काय केलं तेही लिहितो, म्हणजे फक्त तुझ्यावरच चिडलोय असं होणार नाही. मी तुला स्थळं आणली. अक्कलकोटची शिक्षिका, दुधनीची ती किराणा दुकानवाल्यांची मुलगी, शिवाय दोन की तीन आणखी. प्रत्येकीत तू काहीतरी खोट काढायचास आणि मी तुझ्या अण्णांच्या देखत तुला फैलावर घ्यायचो. 'वय काय थांबणार आहे का तुझ्यासाठी?' एकदा तू म्हणालास, 'माझं लग्न झालंय बे, तुझ्याशीच की.' अण्णा हसले, मी हसलो, वहिनींनी पोहे आणले.

मला डेंग्यू झाला होता तेव्हा सुमन माहेरी अडकलेली. तीन दिवस तू दुकान सोडून माझ्या उशाशी बसलास. मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्यास, पेज पाजलीस, बादली धरलीस. नाटकातलं घड्यांचं वाक्य तू त्यानंतर घातलंस, आधी तिथे काहीतरी भांड्यांबद्दल होतं. हे मला ठाऊक होतं. आणि पुढच्याच प्रयोगात, ते वाक्य पहिल्यांदा म्हणून झाल्यावर, मी तांब्या उचलला.

आणि जेऊर. शाळेचं संमेलन, दुपारचा प्रयोग. परतताना टेम्पोत मागे सामानावर आपण सगळे. उन्हं कलली होती, दोन्ही बाजूंनी ऊस. बंडू घोरत होता. तू सहज विचारावं तसं विचारलंस, 'दिन्या, समजा नाटकातलं खरं निघालं तर? तुझा दोस्तच तसला निघाला, तर काय करशील बे?'

माझ्या पायाशी रिकामा तांब्या होता. मी बोललोसुद्धा नाही. तांब्या उचलला, गालावर उपडा केला आणि चोळ चोळ चोळलं. टेम्पो हसून लोळला. बंडू जागा होऊन हसला, काय झालं ते न कळताच. तू तर सगळ्यांत मोठ्यानं हसलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सर टोपाची पेटी मांडीवर घेऊन बसले होते, तेही हसले थोडंसं. त्यानंतर तू मला काही विचारलं नाहीस. तांब्याबद्दलही पुन्हा शब्द काढला नाहीस. मी समजलो, पोराला अखेर नाटक कळलं.

बारा दिवसांमागे अण्णांचा फोन आला आणि सकाळी अकराला तू दुकानात, अंगावर गिऱ्हाइकाची साडी असतानाच गेलास हे कळलं. मातीला पेठ लोटली होती. तुमच्या रीतीप्रमाणे तुला बसवून आणलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यापर्यंत हार. प्रयोगाआधी मेकअपला बसल्यासारखा दिसत होतास. खड्ड्याभोवती घरचे उभे होते. तेवढ्यात मला फाटकापाशी, लिंबाखाली सर दिसले. तीच खाकी पिशवी. एकटेच, चपला काढून उभे.

मला वाईट वाटलं. सख्खा मामेभाऊ परक्यासारखा लांब उभा आहे. मी काय केलं असेल? माझ्या नेहमीच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा, ओरडलो. 'अहो सर, घरचे असून तिकडे काय? या पुढं! अण्णा, मामेभाऊ आलेत, त्यांना माती देऊ द्या.' आणि जाऊन त्यांचं मनगट धरून ओढत आणलं. ते नको नको म्हणत होते. मला वाटलं, दुःखानं.

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'कुणाचा मामेभाऊ, दिनकर? आमच्या मामाला पोरगाच न्हाय. तिन्ही पोरीच हायत.'

सगळी पेठ बघत होती. सरांचं मनगट अजून माझ्या हातात होतं.

'मग तुमी कोण?' अण्णांनी विचारलं.

सर म्हणाले, 'नाटकातला हाय मी. पाणी भरतो.'

अण्णांनी बाजूला सरकून जागा केली. 'नाटकातले व्हय. द्या की मग.' सरांनी वाकून माती घेतली. मूठ उघडायला त्यांना फार वेळ लागला. मागचे लोक चुळबुळ करायला लागले, इतका.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. सोबत म्हणून नव्हे, जाब विचारायला. चहाचा कप पुढे सरकवून विचारलं, 'सर, मामेभाऊ नाही, तर इतकी वर्षं खोटं का सांगत होता?'

'मी कुटं सांगितलं? तो सांगायचा. मी नुस्ता गप बसायचो.' मग चहाकडे बघत म्हणाले, 'एकोणीस वर्सं झाली, दिनकरराव. तुमचं नाटक बसलं, त्याच्या आदल्या वर्सापासनं.'

कशाची एकोणीस, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. आता ऐक, कारण हे मी सुमनलासुद्धा सांगितलेलं नाही. माझा हात गालावर गेला. आपोआप. ज्या गालाचा तू मुका घ्यायचास, त्याच गालावर. मी तो खाली घेतला, पण सरांनी पाहिलं होतं. ते बसच्या पाटीकडे बघत म्हणाले, 'पाणी पायजे का?'

त्यात टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. त्यांचा स्वभाव बघता नसावा, आणि तेच जास्त लागतं. मी काहीतरी तोंडातल्या तोंडात बोललो. ते म्हणाले, 'न्हाय, तुमाला थंडीत लगेच सर्दी हुती. तो सांगायचा, दिन्या गार पाण्यानं आजारी पडंल, कोमट करून ठेवा. म्हणून मी थर्मासमधनं घिऊन यायचो.'

सिद्ध्या, मला वाटायचं टाकीचंच पाणी कोमट असतं! सोलापूरचं ऊन, वरची टाकी तापत असेल, असं मी धरून चाललो होतो. जानेवारीत! इतका गाढव माणूस तुम्हा दोघांना सापडला कुठे?

घरी येऊन सुमनला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, 'मला वाटतच होतं. सरांच्या डब्यात तुमच्यासाठी तिखट वेगळं असायचं आणि सिद्धाराम भावजींसाठी वेगळं. कुठला मामेभाऊ एवढं बघतो?' म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. नवरा म्हणून मिरवणारा मीच तेवढा आंधळा.

तर आता माझी तक्रार. तू स्टेजवरून गावाला शिकवायचास, माणसाला सांभाळून घ्या म्हणून. लोकांनी घेतलं की नाही, मला माहीत नाही. पण तू मला सांभाळून घेतलंस, आणि त्याचा मला संताप येतो. अठरा वर्षं मी तुझ्याकडे पाठ करून, तुझ्या माणसाने भरलेल्या पाण्याने, तुझा स्पर्श धुऊन लोकांना हसवलं आणि तुम्ही दोघांनी काळजी कसली केली, तर मला पडसं होईल याची. असलं मोठं मन मला नको होतं. जेऊरच्या टेम्पोत तू माझ्या कानाखाली वाजवायला हवी होतीस. तांब्या माझ्या डोक्यात घालायचा होतास. दोन वर्षं अबोला धरला असता मी, कदाचित पाच. मग एक दिवस दुकानात येऊन समोर गादीवर बसलो असतो. आलो असतो रे. नक्की आलो असतो असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही हेच तुला माहीत होतं. ते माहीत असून तू माझ्याकडे अर्धं पोतं ज्वारी पाठवत राहिलास. तुझा एवढा राग मला कधी आला नव्हता.

सभेच्या आदल्या दिवशी सरांना विचारून मी अण्णांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. सरांचीच इच्छा होती. म्हणाले, 'मातीला मी खोटं बोललो त्यांच्याशी, ते राहून जातंय.' अण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, 'म्हंजे ज्वारी त्यांची व्हती?'

'हो.'

'बारा वर्सं खाल्ली की आमी.' एवढं बोलून आत गेले. मी थोडा वेळ थांबलो, मग घरी आलो. ते सभेला येतील का, हे मला कळत नव्हतं.

सभेत शेवटचा प्रवेश करायचा, ही बंडूची कल्पना. तुझ्या जागी खुर्ची, खुर्चीवर तुझी ती मोरपंखी साडी, आणि तुझं भाषण बंडूच्या मोबाइलवर होतं ते लावायचं. मी म्हणालो, ठीक आहे, पण तांब्या नाही. बंडू भडकला. 'तांब्याबिगर काय हाय त्यात? त्यानं जन्मभर हसवलं, त्याला रडत घालवायचं व्हय?' मी कारण सांगितलं नाही. म्हणालो, लेखकाने लिहिलेला शेवट करायचा, बस. सरांना फोन केला, या म्हणून. ते म्हणाले, 'येतो. पाणी भरू का?'

'या वेळी लागणार नाही, सर.'

'तरी भरतो. रिकामा तांब्या बरा दिसत न्हाय स्टेजवर.'

अण्णा आले होते. पहिल्या रांगेत, वहिनींसह. सर विंगेत, थर्मास काखेत. प्रवेश सुरू झाला. तुझा आवाज आला, जरा चिरकलेला. 'लग्न खोटं, घड्या खऱ्या.' टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा जास्त. बंडू पाघळला, खरोखरच पाघळला, डोळे पुसत आत गेला. मी आणि खुर्ची उरलो. मी जरा वेळ गप्प उभा राहिलो, तू लिहिलं होतंस तसा. मग म्हणालो, 'चहा टाक.'

काही झालं नाही. पडदा ओढणारा वाट बघत राहिला, त्यालाही तांब्याचीच सवय. मग मागून कुणीतरी ओरडलं, 'तांब्या!' आणखी एक. मग चार-पाच. 'तांब्या! तांब्या!' वाईट माणसं नव्हती ती. रडून रडून जीव घुसमटला होता त्यांचा, त्यांना एकदा हसायचं होतं. हशाची चटक मीच लावलेली. अण्णा मान वर करून माझ्याकडे बघत होते.

मी तांब्या उचलला आणि पुढे यायच्या ऐवजी मागे गेलो, खुर्चीपाशी. लोकांना पाठ केली आणि तू बघायचास तिकडे पाहिलं. तिथून दुसरं काहीच दिसत नाही रे. विंगेचा काळा पडदा आणि त्याच्या कडेला ते, दोन्ही हात थर्मासवर, तुझ्याकडे बघावं तसे खुर्चीकडे बघत. अठरा वर्षं माझ्या हशाच्या वेळी तू हे बघत उभा होतास. मी तुझी कीव करत होतो गेले बारा दिवस. ती परत घेतो.

तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायलो. सगळं, मधे खाली न ठेवता. कोमट होतं.

मागे सभागृहातली ओरड विरली. लोक थांबले होते, आता हा चूळ टाकेल, आता गाल धुईल. पडदा पडेपर्यंत थांबले. कुणी हसलं नाही, टाळीसुद्धा नाही. सांगत होतो तुला सिद्ध्या, तुझ्या शेवटाला हशा येत नाही म्हणून.